उंदरांची मोहीम वैशाखात घ्या

इंदूरजवळच्या सांवेर आणि देपालपूर भागातून या आठवड्यात आलेल्या बहुतेक फोनांवर एकच तक्रार होती: "साहेब, गहू ओंबीवर आलाय, उंदीर रात्रीतून कापून नेतात. औषध ठेवलं तर तोंड लावत नाहीत. औषध बनावट आहे का?"

औषधाला दोष देऊ नका. चारी बाजूंना दुधाळ दाणा उभा असताना उंदीर तुमच्या पुडीतला भरडा कशाला खाईल? त्यातून एखाद्याने चाखून पाहिलं, पोटात कळ आली आणि तो वाचला, तर पुन्हा त्या आमिषाजवळ फिरकत नाही. म्हणून उभ्या पिकात झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या विषावर पैसे घालू नका.

मागच्या आठवड्यात एका मेडेवर, म्हणजे शेताच्या बांधावर, आम्ही बीळ उकरलं. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ताजा ढीग, हातभर आत कोठार. त्यात ओंब्या एकीवर एक रचलेल्या, प्रत्येकीचा देठ तिरका कापलेला. शेजारच्या खोलीत गवताच्या गादीवर सात पिल्लं, डोळे न उघडलेली. उंदराची मादी जेमतेम तीन आठवडे गाभण राहते, एका वेतात सहा-आठ पिल्लं घालते आणि तीन-एक महिन्यांत तीच पिल्लं वितात. मात्र हे सगळं दाण्यावर अवलंबून आहे. दाणा असेल तर वेतावर वेत, दाणा आटला की विणं मंदावतं आणि अशक्त पिल्लं मरतात.

आपल्या माळव्यात आजोबांच्या काळी पावसाळ्यात बरीच काळी रानं पड असायची, एक रब्बी निघायची. आता सोयाबीन, मागोमाग गहू-हरभरा, विहिरीला पाणी असेल तर उन्हाळी भाजीही. उंदरांचे उपासाचे महिने आपणच कमी करत आणले. उरलेत ते वैशाख-ज्येष्ठ. रान उघडं, जमीन भेगाळलेली. तेव्हा उंदीर कमी असतात आणि मेडा, पाटाच्या कडा, भुशाच्या गंजी अशा थोड्या जागी गोळा झालेले असतात. त्यातले वाचतात तेच आषाढात सोयाबीनमध्ये पसरतात. मोहीम तेव्हाच घ्यायची आणि गावाने एकाच दिवशी. एकट्याने आपलं शेत साफ केलं, तर शेजारचे उंदीर त्यात शिरतात.

संध्याकाळी सगळी बिळं मातीने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील ती जिवंत. त्यांत दोन दिवस नुसता तेल लावलेला भरडा ठेवा. तिसऱ्या दिवशी ९६० ग्रॅम भरडा, २० ग्रॅम खाद्यतेल, २० ग्रॅम झिंक फॉस्फाइड काठीने कालवून दहा-दहा ग्रॅमच्या पुड्या बिळात खोल सारा आणि तोंड बुजवा. हातमोजे घालाच, दादा. या विषाला उतारा नाही. पोरं आणि गुरं लांब ठेवा, मेलेले उंदीर खोल पुरा. रुंद मेडा खणून अरुंद केल्यात तर बिळाला जागाच राहत नाही, आणि मला हा उपाय विषापेक्षा जास्त आवडतो.

गव्हाणी घुबडाला कृपा करून मारू नका. दिवाळीच्या सुमारास अंधश्रद्धेपोटी घुबडं धरली जातात, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. या पक्ष्याचा संसारही उंदरांवर चालतो. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घातलेली असतात, त्यामुळे एकाच घरट्यात थोरलं आणि धाकटं पिल्लू आकाराने वेगळं असतं. उंदीर भरपूर असले तर सगळी जगतात, तुटवडा पडला की धाकटं आधी जातं. मेलेला विषारी उंदीर उघड्यावर पडला तर तोही याच घरट्यात पोचू शकतो, म्हणून पुरण्यावर इतका जोर देतोय.

यंदाच्या गव्हासाठी पिंजरे लावा, मेडेवरचं गवत काढा. हार्वेस्टरने कापणी केलीत तर मागे राहिलेल्या ओंब्यांवर लगेच शेळ्या सोडा, खळ्यातला दाणा झाडून उचला. विष ठेवल्यानंतर मात्र त्या रानात जनावर नको. अक्षय्यतृतीयेच्या आत गावाने मोहिमेची तारीख ठरवून कळवावी, पुड्या बांधायला आमचा माणूस येईल.