वाचकांचे प्रश्न : प्रेस सांभाळून घरची शाळा

मिरजेत छोटी ऑफसेट प्रेस चालवणाऱ्या आमच्या एका वाचकांनी आपल्या मुलीला आणि मुलाला शाळेत न पाठवता घरी शिकवण्याचा अनुभव मागच्या अंकात लिहिला होता. त्यावर बरीच पत्रं आली. त्यांतल्या काही प्रश्नांना त्यांनीच दिलेली ही उत्तरं.

*प्रश्न : माझं मेडिकल स्टोअर आहे. सकाळी नऊपासून रात्री दहापर्यंत मी गल्ल्यावर. तुमचीही प्रेस आहे, मग मुलांना शिकवता कधी? खरं सांगा, शिकवणी लावलीय ना? (एक वाचक, सांगोला)*

शिकवणी नाही हो लावलेली. पण संशय रास्त आहे, माझ्या सासऱ्यांनाही तो आजतागायत आहे.

माझी बायको नर्स आहे, तिची ड्युटी फिरती. त्यामुळे सकाळी सात ते नऊ पोरं माझ्या ताब्यात. त्या वेळात फक्त गणित आणि वाचन. फोन फडताळात. साडेनऊला शटर वर गेलं की माझ्यातला मास्तर संपला. दिवसभर ‘शाळा’ भरवायला जाऊ नका, धंदाही बुडेल आणि पोरंही वैतागतील. शाळेत एका मास्तरांपुढे चाळीस-पन्नास पोरं असतात, घरी दोन. तिथे दिवसभरात होतं त्यातलं बरंचसं इथे दोन तासांत आटोपतं.

लग्नसराईत मात्र हे दोन तासही हाती लागत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांचा धुमाकूळ सुरू. तेव्हा पोरं माझ्याबरोबर प्रेसवरच असतात. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, धंदा थंड, तेव्हा अभ्यास दामटून करून घेतो. आमचं शैक्षणिक वर्ष पंचांगावर चालतं म्हणा ना.

आता प्रेसवर काय शिकतात, हे एकाच उदाहरणानं सांगतो. वीस बाय तीस इंचांचा कार्डशीट आणि पाच बाय सातची पत्रिका. एका शीटमध्ये किती बसतील? मुलानं आधी क्षेत्रफळ काढलं. सहाशे भागिले पस्तीस, म्हणजे सतरा आणि वर थोडं. मग खडूनं फरशीवर शीट आखून पत्रिका मांडायला बसला. पाचाची बाजू विसाच्या बाजूला लावली तर चार चोक सोळा. पत्रिका फिरवून साताची बाजू विसाला लावली तर बाराच. मग त्याला दिसलं की कडेला सहा इंचांची पट्टी उरलीय आणि तिच्यात आणखी चार बसतात. पुन्हा सोळाच! ‘मग बाबा, सतरावी गेली कुठे?’ यावर त्यानं अख्खी दुपार घालवली. दोन्ही मांडण्यांत चाळीस चौरस इंच कात्रण जातं, हे त्याचं त्यानं शोधलं. मी फक्त मशीनमनला चहा सांगितला.

कागदाच्या वजनाचंही तसंच. ए-झिरो शीटचं क्षेत्रफळ एक चौरस मीटर, त्यातून सोळा ए-फोर निघतात. म्हणून ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, एक ए-फोर पाच ग्रॅमचा, आणि पाचशे कागदांची रीम अडीच किलोची. मुलीनं हे काढलं आणि लगेच रीम काट्यावर टाकली. अडीच किलोला थोडी जास्त भरली. जास्तीचं वजन वेष्टनाचं, हेही तिनंच ओळखलं.

तुमच्या दुकानात तर बॅच नंबर, एक्सपायरी, जीएसटी, पंधरा गोळ्यांच्या पट्टीतून दहा दिल्या तर किती घ्यायचे, असलं किती पडलंय! फक्त औषधाला हात लावू देऊ नका.

*प्रश्न : प्रेसवर मुलांना ‘शिकवतो’ म्हणता, ही सरळसरळ बालमजुरी नाही का? (एक निवृत्त शिक्षिका, कोल्हापूर)*

बाई, हा प्रश्न विचारलात हे बरं झालं. बालमजुरी कायद्यातल्या २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदीच आहे. घरच्या धंद्यात मदतीची जी सूट आहे ती शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुट्टीत, आणि तीही धोक्याच्या कामात नाही. माझ्या मते ही सूटच जरा सैल आहे. घरी शिकणाऱ्या मुलाची शाळा कधी सुटली म्हणायची?

म्हणून मी माझ्यापुरती एक फूटपट्टी ठेवलीय. ज्या कामाला मला माणूस लावून पैसे द्यावे लागले असते, ते काम पोरांनी करायचं नाही. पिना मारणं नाही, फर्मे, म्हणजे छापलेले मोठे कागद, दुमडणं नाही, गठ्ठे बांधणं नाही. कटिंग मशीनभोवती लाल पट्टा ओढलाय, त्याच्या आत पाऊल नाही. पत्रिकेचं प्रूफ मात्र दोघंही वाचतात, त्यांच्यानंतर मी पुन्हा वाचतो. ‘आशिर्वाद’मधली ऱ्हस्व शि मुलीच्या नजरेतून सुटत नाही. याला मजुरी म्हणायचं असेल तर म्हणा, पण शुद्धलेखनाची वही मी वेगळी घातलेली नाही, हेही खरं.

*प्रश्न : हे कायदेशीर आहे का? आणि दहावीचं काय? (तीन-चार पत्रांतला समान प्रश्न)*

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य, असं त्यात लिहिलंय. न घालणाऱ्या पालकाला शिक्षा मात्र सांगितलेली नाही. घरी शिकवण्याबद्दल वेगळं कलमच नाही. त्यामुळे ‘पूर्ण कायदेशीर’ किंवा ‘पूर्ण बेकायदा’ असं छातीठोक सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला गुरुजी आले की मी त्यांना घरात बसवतो, वह्या दाखवतो. आजवर कुणी वाकडं बोललेलं नाही. तुमच्याकडे बोलतील, त्याची तयारी ठेवा.

दहावीला दोन वाटा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. वय चौदा पूर्ण हवं, किमान पाच विषय, मराठी माध्यम मिळतं. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. नोंदणी पाच वर्षं चालते, त्यात नऊ संधी, त्यामुळे एकेक विषय सवडीनं सोडवता येतो. दुसरी वाट आपल्या राज्य मंडळाची, सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसायचं. त्याला शाळा सोडल्याचा दाखला लागतो. म्हणून मूल शाळेतून काढलंत तर त्याच दिवशी दाखला हातात घ्या आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. पुस्तकांची काळजी नको, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात.

*प्रश्न : मुलं चारचौघांत कशी वावरणार? (एक आजोबा, विटा)*

आजोबा, प्रेसवर दिवसभर नवरीचे मामा, दवाखान्याचे कंपाउंडर आणि गणपती मंडळाचे कार्यकर्ते येतात. मामांशी पत्रिकेतल्या नावांच्या क्रमावरून जो वाद घालू शकतो, तो कुठंही वावरेल.

*प्रश्न : तुमचा लेख वाचून आमच्या ह्यांनी ठरवलंय, मुलाला घरीच शिकवायचं. मी बँकेत आहे. नोकरी मी सोडायची असं त्यांचं म्हणणं आहे. तुम्ही काय सल्ला द्याल? (एक वाचक, कराड)*

ताई, नोकरी सोडू नका.

ज्याला हौस, त्यानं वेळ काढावा. माझा लेख दाखवून ते तुम्हाला घरी बसवणार असतील, तर त्याच लेखातलं त्यांना हे वाचून दाखवा की आमच्याकडे सकाळची पोळी-भाजी मी करतो, कारण बायको नाइट करून आलेली असते आणि झोपलेली असते. बाप शिकवतो म्हटलं की लोक कौतुक करतात, हेच काम आईनं केलं की कुणी पत्र लिहून विचारतही नाही. त्यांना सांगा, सहा महिने शाळा तशीच चालू ठेवून रोज सकाळी दोन तास मुलाला घेऊन बसा. हे जमलं नाही तर पुढचा विषयच नाही. जमलं, तर मग दोघं मिळून हिशेब मांडा, आणि त्यात तुमचा पगार, पीएफ, पेन्शन हे आकडे आधी लिहा.

*प्रश्न : नंतर मुलाला शाळेत परत जावंसं वाटलं तर? (एक वाचक, सोलापूर)*

जाऊ द्यायचं. आमची मुलगी गेलीच. तिला कबड्डी खेळायची होती आणि शालेय स्पर्धांत उतरायचं तर शाळेचं नाव लागतं. शिक्षण हक्क कायद्यात चौदा वर्षांपर्यंत वयानुरूप प्रवेशाची तरतूद आहे, म्हणजे वयाला शोभेल त्याच वर्गात घेतात, पहिलीपासून बसवत नाहीत. आठवीत प्रवेश मिळाला. पहिले काही आठवडे तिला एकाच गोष्टीचा जाच झाला, गणित सुटलं तरी बाकीच्यांचं होईपर्यंत गप्प बसायचं. हिंदीत मागे होती, ती आमच्याकडे फारशी झालीच नव्हती, तेवढं वर्गशिक्षिकांनी भरून काढलं.

मुलगा अजून घरीच आहे. त्याला शाळेत जायचं का, हे दर वर्षी मे महिन्यात विचारतो, जूनच्या आत. प्रवेशाची धावपळ लग्नसराई उरकल्यावरच जमते.