एअर रायफलची नळी हलतेय? आधी दस्त्याचे स्क्रू बघा

नळी डावी-उजवी हलते, लाकडी दस्त्यात खुळखुळ आहे, नेम तोच असून छर्रा रोज वेगळीकडे, हे तुमचं वाचलं आणि चार वर्षांपूर्वीचे माझेच हाल आठवले.

स्प्रिंगची रायफल आधी मागे धक्का देते, मग पिस्टन आदळला की पुढे. स्क्रू सैल होणारच. मी काय केलं, तर सैल झाला की आवळायचा, पुन्हा सैल, पुन्हा आणखी जोर. आपल्या सोलापूरच्या मे महिन्यात लाकूड सुकून आकसलेलं. पुढच्या स्क्रूखाली ते चेपलं, वायसर आत रुतला आणि एक दिवस स्क्रूचे आटेच गेले. ही चूक करू नका हो, हात जोडून सांगतो.

मग एका दुरुस्ती केंद्रात दिली. सात आठवड्यांनी नुसतं तेल पुसून परत, वर सल्ला: "नवीन घ्या." मुलीची ओपन साइटची, म्हणजे दुर्बिणीशिवाय साध्या माशीने नेम धरायची स्पर्धा हुकली. तो राग अजून जात नाही. दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा असतो, तिथे हलणारी बंदूक घेऊन पोरीने काय करायचं?

शेवटी अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाचे पार्ट करणाऱ्या टर्नरने सोडवलं. दस्त्यातलं भोक मोठं करून पितळी बुश (स्क्रूभोवतीची नळकांडी) बसवला, म्हणजे ताण लाकडावर येत नाही. आट्यांवरचं तेल थिनरने काढा, मग निळ्या थ्रेडलॉकचा, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा, एकच थेंब. लाल नको, गरम केल्याशिवाय सुटत नाही.

एवढं करूनही नळी हलली तरच, छर्रा भरताना ती जिथे दुमडते त्या बिजागरीच्या बोल्टकडे जा. दोन्ही बाजूंना पातळ शिम (फट भरणाऱ्या चकत्या) लागतात, मापाच्याच. कागद किंवा पत्र्याचे तुकडे कोंबणं मला अजिबात पटत नाही. बोल्ट फार आवळला तर नळी नीट मिटत नाही. जाता जाता ब्रीचची, म्हणजे छर्रा भरतो तिथली, रबरी ओ-रिंगही बघा, आणि छर्रा न भरता कधी उडवू नका.

हे सगळं ४.५ मिमी छऱ्याच्या, २० ज्यूलच्या आत ताकद असलेल्या एअर रायफलपुरतं. लायसनच्या बंदुकीला स्वतः हात लावू नका, परवानाधारक कारागिराकडेच न्या. तुमचं मॉडेल वेगळं असेल तर स्क्रूची जागाही वेगळी असू शकते. थ्रेडलॉक रात्रभर सुकू द्या, मग वीस छर्रे उडवून स्क्रू पुन्हा तपासा.