सगळं पढूनही झोप येत नाही, माझं ईमान कमी पडतंय का?

जूनचा शेवटचा आठवडा. शाळा सुरू होऊन पंधरवडा झाला होता आणि बाहेर पाऊस नुसता कोसळत होता. ती रत्नागिरीजवळच्या एका गावातून एसटीने माझ्याकडे समुपदेशनासाठी आली होती. वय 34, दोन मुलं, घरात सासूबाई, नवरा कुवेतला दुकानात नोकरीला. खुर्चीवर टेकताच तिने पर्समधून एक छोटी वही काढली आणि न उघडता मांडीवर धरून ठेवली.

"मॅडम, वजू करून झोपते. आयतल कुर्सी पढते, तिन्ही कुल पढून हातावर फुंक मारून अंगावरून हात फिरवते, तसबीह करते. तरी डोळ्याला डोळा लागत नाही. माझ्या ईमानातच काही कमी आहे का?"

वजू म्हणजे नमाजआधीचं हातपाय-तोंड धुणं, आयतल कुर्सी आणि तिन्ही कुल हे कुरआनातले छोटे भाग, आणि तसबीह म्हणजे अल्लाहची स्तुती मोजून म्हणणं. हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कोकणातल्या मुसलमान घरातच मी वाढले, म्हणून बायका तो माझ्याजवळ मोकळेपणाने बोलतात. डॉक्टरांकडे फक्त "झोप येत नाही" एवढंच सांगतात. तिच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून तिची हकिकत इथे लिहिते आहे.

मी तिला लगेच सांगितलं, "नाही, ईमानाचा प्रश्न नाही." पण असं नुसतं सांगून कुणाचा जीव भांड्यात पडत नाही. मग म्हटलं, असरपासून (दुपारनंतरची नमाज) फजरपर्यंतची (पहाटेची नमाज) कालची रात्र जशी गेली तशी सांगा, काही गाळू नका.

ती सांगत गेली, मी लिहीत गेले. संध्याकाळी साडेसहाला ती सोफ्यावर बसल्या बसल्या झोपली, पाऊण तास. मगरिबच्या (सूर्यास्ताच्या नमाजच्या) बांगेने दचकून उठली. इशा (रात्रीची नमाज) झाल्यावर जेवणं, मग सासूबाईंबरोबर चहा. मुलं दहाला झोपली. तिची झोपायची वेळ मात्र नवऱ्याच्या फोनवर. कुवेतचं घड्याळ आपल्यामागे अडीच तास. तो आठला दुकान बंद करून, खोलीवर जाऊन, जेवून नऊला फोन लावतो, तेव्हा इथे साडेअकरा वाजलेले असतात. बोलणं बाराला संपलं. वजू करून ती अंथरुणावर आली आणि वही उघडली.

आता तिने ती माझ्यासमोर उघडली. झोपण्याआधी पढायच्या गोष्टींची यादी होती, एकूण 14, समोर रोजच्या खुणा. वरच्या चार-पाच तिच्या आईने लहानपणी शिकवलेल्या. खालच्या वेगवेगळ्या शाईंतल्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या, बयानात (धार्मिक प्रवचनात) ऐकलेल्या. मध्येच मोजणी चुकली, 33 झालं की 32 असा संशय आला, की ती पहिल्यापासून सुरू करायची. वजू तुटला की काय असं वाटलं की पुन्हा उठून वजू. यादी संपेपर्यंत दीड वाजायचा. तीनला आपोआप जाग, फोनवर वेळ बघणं, "आता फजरला जाग आली नाही तर?" ही धडधड. जूनमध्ये आपल्याकडे फजरचा वक्त पावणेपाचच्या सुमारास सुरू होतो. तिने साडेचार, चार पस्तीस आणि चार चाळीस असे तीन गजर लावलेले. नमाजनंतर डबे, शाळेची गाडी. सगळी मिळून झोप साडेतीन तासांच्या आसपास.

बाईला झोप येत नव्हती कशी? सोफ्यावर तर बसल्या बसल्या येत होती. रात्री तिला झोपायला फुरसतच नव्हती.

दिवसभर जागं राहिलं की झोपेची भूक साठत जाते. संध्याकाळच्या त्या पाऊण तासात तिची बरीचशी भूक भागून जायची. वर इशानंतरचा चहा. चहातलं कॅफीन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात. आणि अंथरुणावर पडलं की तिचं मन परीक्षेला बसल्यासारखं व्हायचं. रोज त्याच जागी तेच झालं तर शरीर ती जागाच जागरणाची मानू लागतं. सासूबाई म्हणायच्या, असरनंतर झोपलं तर डोकं फिरतं. ती रिवायत (पैगंबरसाहेबांच्या नावाने सांगितली जाणारी गोष्ट) हदीसच्या जाणकारांनी कमजोर ठरवली आहे, तिचा धाक धरू नका, असं मी सांगितलं. पण संध्याकाळची झोप टाळा, हे मात्र मीही सांगितलं, वेगळ्या कारणासाठी.

हे सगळं पहिल्याच भेटीत उलगडलं. मी तिला रक्त तपासून घ्यायलाही पाठवलं. हिमोग्लोबिन 9 च्या खाली निघालं, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. थकव्याचा एक वाटा तिथे होता.

वही अशी वाढली का, ते दुसऱ्या भेटीत कळलं. मी विचारलं, पाचव्या ओळीनंतरची शाई कधीची? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, अब्बा गेले तेव्हापासूनची. दीड वर्षापूर्वी वडील झोपेतच गेले होते. रात्री जेवून, मुलांची मस्करी करून झोपले, फजरला आई उठवायला गेली तर अंग थंड. त्यानंतर एका बयानात तिने ऐकलं की झोप म्हणजे छोटं मरण, झोपेत अल्लाह रूह (आत्मा) काढून घेतो. झोपतानाची दुवा तिला लहानपणापासून पाठ होती, "अल्लाहुम्म बिस्मिक अमूतु व अह्या", तुझ्या नावाने मी मरते आणि जगते. पूर्वी ती सवयीने म्हणायची. आता "अमूतु" शब्दावर जीभ अडायची. "मॅडम, एखादी गोष्ट पढायची राहिली आणि रात्रीत मला काही झालं तर? ते तिकडे, मुलं लहान."

तिच्या हातातली वही पाहून मला फार वाईट वाटलं. वडिलांचं दुःख करायला तिला वेळच मिळाला नव्हता, आणि ते दुःख रात्री पहारेकऱ्यासारखं जागं राहत होतं.

बयानात जी आयत आली होती ती सूरह जुमरची 42 वी. तिला अर्धी लक्षात होती. मी म्हटलं, उरलेली अर्धी वाचू. अल्लाह झोपेत रूह घेतो, ज्याचं मरण ठरलंय त्याची ठेवून घेतो आणि बाकीच्यांची ठरलेल्या मुदतीपर्यंत परत पाठवतो. परत पाठवण्याची गोष्ट तिच्यापर्यंत पोचलीच नव्हती. रोज सकाळी उठल्यावरची दुवा तीच तर सांगते, ज्याने आम्हाला मरणानंतर जिवंत केलं त्याची स्तुती. मग आम्ही तो तास तिच्या अब्बांबद्दलच बोललो. ते मासळीचा बाजार कसा करायचे, तिला सायकलवर शाळेत कसे सोडायचे. ती खूप रडली. त्या रात्री पाच तास झोपली, हे तिने नंतर सांगितलं.

मी समुपदेशक आहे, मुफ्ती नाही. पढण्याचं काय करायचं ते तिला तिच्या मोहल्ल्यात बायकांना कुरआन शिकवणाऱ्या आलिमांना विचारून यायला सांगितलं. त्यांनी सांगितलं ते असं: यातलं काहीच फर्ज (बंधनकारक) नाही. मोजणीत शंका आली तर पुढे जा, मागे फिरू नको. वजू तुटल्याची खात्री नसेल तर तो तुटलेला नाही. आणि सूरह बकराहच्या शेवटच्या दोन आयती रात्री पढल्या तर त्या माणसाला पुरेशा आहेत, असं बुखारी या हदीससंग्रहातच आहे. "पुरेशा" हा शब्द ती माझ्यासमोर दोनदा म्हणाली.

तसबीहबद्दल मीच तिला एक आठवण करून दिली. 33 वेळा सुभानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह, 34 वेळा अल्लाहु अकबर, हे झोपण्याआधीचं पढणं हजरत फातिमांना मिळालं ते कधी? जातं ओढून ओढून त्यांच्या हातांना घट्टे पडले होते, म्हणून त्या वडिलांकडे कामाला माणूस मागायला गेल्या होत्या. पैगंबरसाहेब रात्री त्यांच्या घरी आले, दोघं नवरा-बायको अंथरुणावर होते, त्यांना उठू न देता तिथेच बसले आणि म्हणाले, मागितलंत त्यापेक्षा चांगलं सांगतो. दमलेल्या लेकीला बापाने दिलेली ती गोष्ट आहे. "आणि तुम्ही त्याच तसबीहचं जातं करून रात्रभर ओढताय," मी म्हटलं. ती हसली. माझ्याकडे आल्यापासून पहिल्यांदाच.

यादीतल्या पाच गोष्टी ठेवल्या, आईने शिकवलेल्या. एकदाच पढायच्या, वहीत खूण नाही. वही तिने माझ्या टेबलाच्या खणात ठेवली.

बाकीचे बदल साधे, पण घरातल्या माणसांशिवाय झाले नसते. नवऱ्याशी मी तिच्यासमोर फोनवर बोलले. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. बिचारा तिकडे एकटा, दिवसभर त्या अर्ध्या तासाची वाट बघणारा. ठरलं असं की रोज दुकानातल्या सुट्टीत तो आवाज रेकॉर्ड करून पाठवेल, ती इशानंतर उत्तर पाठवेल, आणि जुम्म्याला त्याला सुट्टी असते तेव्हा दुपारी निवांत बोलायचं. पैगंबरसाहेबांना इशाच्या आधी झोपणं आणि इशानंतर गप्पा मारणं आवडत नसे, हे त्यालाही ठाऊक होतं. संध्याकाळची डुलकी हलवून जोहरनंतर (दुपारच्या नमाजनंतर) 25 मिनिटांचा कैलूला, म्हणजे दुपारची छोटी झोप, ठेवला. चहा असरपर्यंतच. अंथरुणावर अकराला. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून पडवीत बसायचं, फोन न घेता, डोळे जड झाले की परत यायचं. घड्याळ बघायचं नाही.

गजरांचं मोठं अवघड गेलं. ते काढायला ती तयारच होईना. तेव्हा मी खैबरहून परतीच्या प्रवासाची गोष्ट काढली. रात्री उशिरा मुक्काम पडला, पैगंबरसाहेबांनी फजरला उठवायचं काम हजरत बिलालवर सोपवलं आणि सगळे झोपले. बिलाल उंटाला टेकून बसले आणि त्यांचाही डोळा लागला. उन्हाने सगळ्यांना जाग आणली. कुणाला शाप नाही, कुणाची झडती नाही. पुढे जाऊन त्यांनी नमाज पढली आणि सांगितलं, विसरलेली नमाज आठवेल तेव्हा पढा. दुसऱ्या एका हदीसमध्ये तर स्पष्टच आहे की झोपेत कसूर होत नाही, कसूर जागेपणी होते. ज्यांच्यावर नमाज उतरली त्यांच्यावरही अशी सकाळ आली, यावर ती कितीतरी वेळ विचार करत होती. सासूबाई तहज्जुदला (फजरआधीच्या ऐच्छिक नमाजला) उठतातच, तेव्हा उठवायचं काम त्यांनी घेतलं. तिन्ही गजर बंद झाले.

पहिला आठवडा वाईट गेला. रात्रीचा चहा बंद झाल्याने डोकं दुखायचं, पडवीत दोन-दोनदा बसावं लागायचं. अकराव्या दिवशी सकाळी साडेसहाला तिचा फोन आला, हुंदके देत. सासूबाईंना ताप होता, दोघींनाही जाग आली नाही. मी विचारलं, नमाज पढलात? "हो, उठल्या उठल्या कजा पढली." कजा म्हणजे वेळ चुकल्यावर पढलेली नमाज. मग चहा घ्या आणि त्यांना डॉक्टरांकडे न्या, एवढंच मी बोलले. हा फोन मला महत्त्वाचा वाटतो. ज्याची दीड वर्ष धास्ती होती ते घडून गेलं होतं, आणि घर जागेवर होतं.

पाचव्या भेटीत तिने मुलीचं सांगितलं. आठ वर्षांची धाकटी आता तिच्याबरोबर पढते. दोघी हात जुळवून कुल पढतात, फुंक मारतात, मुलगी आईच्या तोंडावरून हात फिरवते. मग बोटांच्या पेरांवर मोजत सुभानल्लाह. "रोज एकोणीस-वीसच्या पुढे जातच नाही मॅडम, झोपून जाते." मी विचारलं, मग तिला उठवून पहिल्यापासून मोजायला लावता का? "छे हो, झोपलेल्या लेकराला कोण उठवतं!" बोलून झाल्यावर ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचे डोळे भरून आले. पुढे मला काही समजवावं लागलं नाही.

इथे एक सांगायलाच हवं. तिचा वसवसा (मनात पुन्हा पुन्हा येणारा संशय) रात्रीपुरता होता. वजू, पाकी, नमाजच्या रकाती यांत दिवसभर संशय येऊन तासन् तास जात असतील, तर तो मंत्रचळाचा (ओसीडीचा) वेगळा आजार असू शकतो. त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतात आणि औषधांनी फरक पडतो. घोरता घोरता श्वास अडकत असेल तर तेही आधी तपासा. आणि पढणं बंद केल्याने झोप लागेल, असा अर्थ कृपा करून कुणी काढू नका. तिची ती पाच पढणी आजही आहेत. "तुझ्या शरीराचा तुझ्यावर हक्क आहे, तुझ्या डोळ्यांचा तुझ्यावर हक्क आहे," हे पैगंबरसाहेबांनी रात्र-रात्र इबादत करणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र यांना सांगितलं होतं. डोळ्यांचा हक्क देणं हाही दीनचाच भाग आहे, असं मी मनापासून मानते.

सप्टेंबरपर्यंत ती रात्री साडेपाच तास झोपू लागली, वर दुपारचा कैलूला. डिसेंबरमध्ये फजर पावणेसहापर्यंत लांबते, तेव्हा साडेसहा तास मिळाले. अब्बांच्या बरसीच्या आठवड्यात पुन्हा तीन रात्री बिघडल्या, त्यासाठी ती मुद्दाम येऊन गेली.

जानेवारीच्या शेवटी आली ती रमजानचं विचारायला. तरावीहमुळे (रमजानमधल्या रात्रीच्या लांब नमाजमुळे) झोपायला उशीर होणार, सहरीला (रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाला) लवकर उठायचं, मग काय करू? आम्ही कागदावर वेळा मांडल्या. तरावीहनंतर फराळाची भांडी सकाळवर ठेवायची, सहरीची तयारी इफ्तारच्या आधी करून ठेवायची, जोहरनंतरचा कैलूला थोडा लांबवायचा. मुलांचे डबे तो महिना सासूबाई भरणार होत्या, म्हणजे फजरनंतर तिला एक तास मिळत होता. निघताना मी टेबलाचा खण उघडून तिची वही पुढे केली. तिने ती घेतली, अब्बांच्या सायकलबद्दल मुलीला सांगायचंय ते यात लिहीन म्हणाली, आणि मागच्या कोऱ्या पानांपासून चाळू लागली.