टीईईआर पडला, पण कशाने?

प्रिय विद्यार्थिनी, अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. टीएनएफ-अल्फा हे दाह पेटवणारं प्रथिन घातल्यावर टीईईआर, म्हणजे पेशींच्या थराचा विद्युतरोध, खाली आला, म्हणजे आतड्याच्या दाहाचं मॉडेल तयार, असं तू लिहितेस. एवढ्यात नको. पेशी मेल्या तरी आकडा पडतो, पिपेटचं टोक पडद्याला लागलं तरीही पडतो.

कॅको-२ या आतड्याच्या पेशींना इन्सर्टवर, म्हणजे प्लेटच्या खळग्यात (वेलमध्ये) बसणाऱ्या सच्छिद्र पडद्याच्या कपात, २१ दिवस दे. थर त्याआधीच सलग दिसू लागतो, पण पेशी अजून कच्च्याच असतात. १२-वेलच्या इन्सर्टमध्ये वर ०.५ मिलि, खाली १.५ मिलि. माध्यम काढताना आधी खालचं, घालताना आधी वरचं. उलट केलंस तर खालच्या दाबाने थर सुटतो.

गार प्लेटचा रोध जास्त दिसतो. एसीखाली प्लेट काढलीस की दर वेळी तेवढंच थांबून मोज. वाचन ४०० ओहम आणि पेशींविना इन्सर्टचं १२० आलं, तर फरक २८० गुणिले १.१२ चौ. सेंमी, म्हणजे सुमारे ३१४ ओहम-चौ. सेंमी. हा गुणाकार वगळलेले आकडे मी वाचत नाही.

सायटोकाइन, म्हणजे दाहाचा संदेश देणारी ही प्रथिनं, खालच्या कप्प्यात घाल. आधी इंटरफेरॉन-गॅमा, दुसऱ्या दिवशी टीएनएफ. इंटरफेरॉनमुळे टीएनएफचे ग्राही वाढतात. दोन्ही १० नॅनोग्रॅम प्रति मिलिपासून सुरू कर. एलपीएसवर, म्हणजे जिवाणूंच्या आवरणातल्या घटकावर, भिस्त ठेवू नकोस, कॅको-२ त्याला फारशी दाद देत नाहीत.

सोबत ४ केडीएचा (किलोडाल्टन) एफआयटीसी-डेक्स्ट्रान, म्हणजे चमकणारा रंग जोडलेला शर्करेचा रेणू, वरून खाली किती झिरपतो ते बघ, माध्यमात एलडीएच, म्हणजे पेशी फुटली की बाहेर येणारं विकर, मोज. एलडीएच चढला असेल तर पेशींमधले नुसते सांधे सैल झालेले नाहीत, पेशी फुटल्यात.

श्लेष्मा हवा तर तो बनवणाऱ्या एचटी२९-एमटीएक्स पेशी मिसळ, कॅको-२ नऊ भाग आणि या एक भाग चालेल. मात्र त्याने मुळातच टीईईआर उतरतो. त्याच मिश्रणाचा, सायटोकाइनविना कंट्रोल ठेव.

रुग्णाच्या पेशी हव्या असतील तर बायोप्सीतून ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींचे चिमुकले पोकळ गोळे. त्यात आतड्याची पोकळी आत कोंडलेली असते, म्हणून पेशी सुट्या करून इन्सर्टवर पसराव्या लागतात. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) विचारायला जाण्याआधी नीतिमत्ता समितीचा अर्ज भर, त्याला वेळ लागतो.

आणि हो, पावसाळा तोंडावर आलाय. आपल्याकडच्या दमट हवेत बुरशी लवकर शिरते. इन्क्युबेटरमधलं पाणी दर आठवड्याला बदल, मायकोप्लाझ्मा या पेशींत लपणाऱ्या जिवाणूची चाचणी करून घे. लाइट गेली की दार उघडून पाहण्याचा मोह आवर. नंतर दिवे आले की तापमान आणि सीओटू दोन्ही वहीत टीप.

टीएनएफ-विरोधी प्रतिपिंड घातलेले तीन इन्सर्ट पुढच्या प्लेटमध्ये ठेव. त्यांचा आकडा सावरला, तर आलेख पुन्हा पाठव.