सरहद्दीवर राहणाऱ्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचं आयुष्य नेमकं कसं होतं? धर्मांतराशिवाय ते दुसरं काही करायचे का?

धर्मांतर हेच त्यांचं मूळ काम, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ब्रिटिश हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवर नेमकं तेच काम फारसं साधलं नाही, आणि सोबत म्हणून जे केलं ते लोकांनी स्वीकारलं. एकाच माणसाबद्दल सांगतो, कारण मिशनऱ्यांवर सरसकट बोलायला गेलं की एक तर आरती होते, नाही तर शिव्या.

थिओडोर पेनेल. लंडनमध्ये शिकलेला सर्जन. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीतर्फे 1892मध्ये आईला सोबत घेऊन डेरा इस्माइल खानला आला आणि पुढच्या वर्षी बन्नूला गेला (आता पाकिस्तानच्या खैबर पख्तुनख्वात). त्याच 1893मध्ये ड्युरंड रेषेचा, म्हणजे हिंदुस्थान आणि अफगाणिस्तान यांच्यातल्या सीमेचा, करार झाला. बन्नूत इंग्रजांची छावणी, पलीकडे वझिरी टोळ्यांचा मुलूख. पेनेल पठाणी कपडे घालायचा, पश्तू बोलायचा. मरेपर्यंत त्याचं ठाणं बन्नूच राहिलं.

दवाखान्यात रोगी जमले की आधी बायबलमधला उतारा, त्यावर प्रवचन, मग तपासणी. मी स्वतः शस्त्रक्रियेच्या व्यवसायात आहे आणि मला हे सरळ खटकतं. दुखणं घेऊन आलेला माणूस उठून जाणार कुठे? पठाण ते ऐकून घ्यायचे, औषध घ्यायचे आणि होते तसेच मुसलमान राहून घरी जायचे. तोच पेनेल बाजारात प्रवचनाला उभा राहिला की विरोध व्हायचा. मुल्ला मंडळी त्याच्याशी वाद घालायची, आणि दुखणं आलं की त्यांच्यातलेही काही त्याच्याकडेच यायचे.

रोगी काय घेऊन यायचे, ते त्यानं लिहून ठेवलंय. मोतीबिंदू, खुपरीनं (डोळ्यांच्या संसर्गानं) आत वळलेल्या पापण्या आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या वैरातून झालेल्या गोळीच्या नि सुऱ्याच्या जखमा. बरेच जण गावठी उपचार करून मगच पोचायचे. एका उपचारात बकरं किंवा मेंढरू मारून त्याचं ताजं कातडं ओल्या बाजूनं रोग्याच्या अंगाला लपेटायचे, वर रजया. दुसऱ्यात तेलात भिजवलेली चिंधी पेटवून अंगावर डाग द्यायचे. पहिला उपचार तापात एखाद्याला मानवतही असेल. उघड्या जखमेवर तसलं कातडं दोन दिवस राहिलं तर आत काय होत असेल, हे मला सांगायला नको.

कापलेली नाकं हा वेगळाच प्रकार. संशयावरून नवरा बायकोचं नाक कापायचा आणि राग ओसरला की तिलाच घेऊन दवाखान्यात यायचा. कपाळाची कातडी खाली वळवून नवं नाक करता येतं. (ही युक्ती युरोपला कळली ती आपल्याकडूनच. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानावर पुण्याजवळ एका कुंभारानं अशी शस्त्रक्रिया केली, त्याची हकिकत 1794मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली.) एका बाईला ती शस्त्रक्रिया सोयीची नव्हती. पेनेलनं नवऱ्याला सांगितलं, विलायतेहून कृत्रिम नाक मागवू, 30 रुपये पडतील. गडी विचारात पडला. कसला विचार करतोस म्हटल्यावर म्हणाला, 80 रुपयांत नवी बायको येते. हे तिच्यासमोर! शेवटी त्यानं पैसे भरले, नाक आलं.

जिवाला धोका? होताच. पेशावरचे मिशन डॉक्टर हॅरोल्ड स्टार यांचा 1918मध्ये सुरा भोसकून खून झाला. त्यांची पत्नी लिलियन नर्स होती, तिनं पुढेही तिथे काम केलं. 1923मध्ये कोहाटमधून मॉली एलिस या इंग्रज मुलीला पळवून नेलं, तेव्हा तिला सोडवायला आफ्रिदी टोळ्यांच्या तिराह मुलखात गेली ती हीच लिलियन. पेनेल मात्र पठाणाच्या हातून मेला नाही. 1912च्या मार्चमध्ये त्याचे सहकारी डॉ. बार्नेट यांना रुग्णाकडून जंतुसंसर्ग झाला. पेनेलनं त्यांच्यावर शस्त्रक्रिया केली आणि ते विष त्याच्याही रक्तात भिनलं. पेनिसिलिन यायला अजून तीसेक वर्षं होती. काही दिवसांच्या अंतरानं दोघेही गेले. पेनेल तेव्हा पंचेचाळिशीचाही नव्हता.

मराठी वाचकाला यात एक धागा आपल्या घरचा सापडेल. पेनेलनं 1908मध्ये लग्न केलं ते अ‍ॅलिस सोराबजीशी. पुण्यात व्हिक्टोरिया हायस्कूल चालवणाऱ्या फ्रान्सिना सोराबजींची ही मुलगी, ऑक्सफर्डमध्ये कायदा शिकलेल्या पहिल्या स्त्रीची, कॉर्नेलियाची बहीण, आणि स्वतः डॉक्टर. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवायला बिचकायच्या, तिथे तिचं मोल वेगळंच. पेनेलच्या कीर्तीत ती झाकली गेली, असं माझं मत आहे. काही अंशी ते तिनंच ओढवून घेतलं म्हणा: 1914मध्ये तिनं नवऱ्याचं चरित्र लिहिलं आणि स्वतःला त्यात मागेच ठेवलं. त्याचं स्वतःचं पुस्तक, ‘अमंग द वाइल्ड ट्राइब्ज ऑफ द अफगाण फ्रंटियर’, आधी वाचा, मग हे चरित्र. पहिल्यात पठाण जास्त जिवंत भेटतात.