कायदा तुमच्या दारी : द्वेषातून मारहाण आणि हातात एनसी

प्रश्न : घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या वॉचमनला तिघांनी भाषेवरून शिव्या देत मारलं. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) लिहून परत पाठवलं. मारहाणीला कायदा आहेच, तरी काही जण द्वेषगुन्ह्यांसाठी वेगळा कायदा मागतात. हा अतिरेक नाही का? (एक वाचक, ठाणे पश्चिम)

उत्तर : तुमच्या वॉचमनला आहे तो कायदा पुरलेला नाही. साधी दुखापत भारतीय न्याय संहितेच्या कलम ११५(२) मध्ये येते : १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि गुन्हा अदखलपात्र. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. मारताना कुठला राग काढला, याला इथे जागा नाही.

कलम १०३(२) आणि ११७(४) मध्ये जात, भाषा, जन्मस्थान ही कारणं आली आहेत. पण मारणारे किमान पाच हवेत, आणि खून किंवा गंभीर दुखापत व्हायला हवी. गंमत म्हणजे गंभीर दुखापतीला एरवीही ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, इथेही ७च. फरक इतकाच, की जमावातला प्रत्येक जण दोषी धरला जातो. कलम १९६ गटागटांत तेढ पसरवण्याबद्दल आहे; एकट्या माणसाला दिलेल्या शिवीवर ते टिकवणं कठीण, शिवाय खटल्याला सरकारची मंजुरी लागते.

म्हणून आमचं मत : कायदा हवा, पण छोटा. शिक्षा वाढवण्याचा सोस नको. द्वेषातून केलेली साधी मारहाण दखलपात्र करा. अतिरेकाची भीतीही अगदीच खोटी नाही. पार्किंगवरून जुंपली आणि तोंडातून कुणाचा मुलूख निघाला, एवढ्याने हेतू ठरू नये.

तोवर काय करता येईल? वॉचमनची वाट अडवली असेल तर ते जबाबात यायलाच हवं. कलम १२६(२) दखलपात्र आहे, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि खटल्याच्या पद्धतीचा कायदा) कलम १७४ नुसार एक गुन्हा दखलपात्र असला की सगळं प्रकरण दखलपात्र होतं. (न घडलेलं घालू नका; उलटतपासणीत तेच आधी उघडं पडतं.) शिव्या जशाच्या तशा, त्याच भाषेत लिहून घ्यायला लावा. ‘अश्लील शिवीगाळ केली’ या ठरीव वाक्यात हेतू बुडून जातो. सीसीटीव्हीच्या जुन्या फुटेजवर नवं चढत जातं, तेव्हा सेक्रेटरीला आजच पत्र द्या आणि फुटेजसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा कोड) असलेलं प्रमाणपत्र घ्या. दखलपात्र गुन्हा असूनही एफआयआर घेतला नाही, तर आधी पोलीस उपायुक्तांकडे लेखी तक्रार, मग मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज.

प्रश्न : जातीवरून शिवी दिली की अ‍ॅट्रॉसिटी लागतेच का? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर : नाही. पीडित अनुसूचित जाती-जमातीचा, आरोपी त्याबाहेरचा आणि शिवी लोकांच्या देखत दिलेली, हे तिन्ही हवं. चार भिंतींआड, बाहेरचं कुणी नसताना झालेला अपमान यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं आहे. तपास एसीपी (सहायक पोलीस आयुक्त) दर्जाचा अधिकारी करतो, मुदत ६० दिवस. जातीचा दाखला फिर्यादीसोबतच द्या.