आधी पाणी मोज

प्रिय,

उत्तर सेलांगोरच्या दलदलीत ‘बेट्टा लिविडा’ या माशावर काम करायचं ठरवलंस, मनापासून आनंद झाला. आराखडा वाचला. सगळा भर मासे मोजण्यावर आहे. माझं म्हणणं, आधी पाणी मोज.

मासा लळा लावणारा आहे, हे मान्य. जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा, काळपट लाल, कुशीवर चमकता हिरवा डाग. नर बुडबुड्यांचं घरटं करून अंडी राखतो. पाणी काळ्या चहासारखं आणि इतकं आम्लधर्मी की बहुतेक मासे त्यात तगायचे नाहीत. हा मात्र तिथेच सुखानं नांदतो, वर येऊन हवेतूनही श्वास घेतो. १९९२ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. मलेशियातल्या सेलांगोर राज्यापुरताच तो आहे, आणि आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत त्याची नोंद ‘संकटग्रस्त’ अशी आहे.

आता त्याच्या पायाखालची जमीन बघ. ती माती नव्हेच. हजारो वर्षांचा पालापाचोळा आणि लाकूड पाण्यात बुडून, अर्धवट कुजून साचलेला थर, म्हणजे पीट. पाणी आहे तोवर तो टिकतो. लाकूडतोडीच्या काळात ओंडके वाहून न्यायला तिथे चर खोदले; भोवती पामतेलाची लागवड आली, तिलाही निचरा लागतोच. पाणी उतरलं की पीट सुकतो, खचतो आणि पेटतो. आग जमिनीच्या आत धुमसत राहते, ती विझवणं महाकठीण. मग मासा जाळ्यात येवो न येवो, त्याचं घर गेलेलंच असतं.

म्हणून भोकं पाडलेला पीव्हीसी पाइप पीटमधून खालच्या चिकणमातीपर्यंत रोव आणि आतलं पाणी जमिनीपासून किती खाली आहे ते टेपनं नियमित मोज. एक पाइप चराच्या काठाला, बाकीचे जंगलात आत आत. चर अडवायला तिथे बांध घालतात. आपल्या वनराई बंधाऱ्यांची तुला सवय आहे, पण इथे तळं साठवायचं नाही, जंगलातलं पाणी झिरपून जाऊ द्यायचं नाही. बांधाच्या वरच्या आणि खालच्या अंगाला मासे किती, हा तुझा खरा प्रश्न. गावकऱ्यांना त्या चरांची खडान्‌खडा माहिती असते, त्यांना आधी भेट.

आणि मासा सापडलेल्या जागांचे अक्षांश-रेखांश कुठेही जाहीर करू नकोस. हौशी मत्स्यपालकांसाठी मासे पकडणारे टपलेलेच असतात.

आराखडा सुधारून पाठव. पाइप किती अंतरावर रोवायचे ते फोनवर ठरवू.

अनेक आशीर्वाद,
तुझा सर